भाग सत्तेचाळीस

मंगळवारी साडेदहाला
त्या बंगल्यातला जिना पुन्हा ओला झाला.
वरून खाली पावलं उमटत आली, एकेक,
पाचही बोटं स्पष्ट, टाच गोल,
जणू कुणी नुकतंच न्हाणीतून निघून
टॉवेल शोधायला गेलंय.
सून किंचाळली. कॅमेरा तिच्या डोळ्यांत घुसला,
बाहेर आला, परत घुसला.

इलाबेन म्हणाली, चिखल कुठाय?

खरंच की.
बुडून मेलेली बाई चाळीस वर्षांनी घरी येते
आणि पाय एवढे धुतलेले?
आम्हाला विचारायचं होतं लिहिणाऱ्याने.
आम्ही समाला राहतो, विश्वामित्रीपासून चार गल्ल्या आत.
सांगितलं असतं पाणी घरात कसं येतं.
आधी दारातून नाही येत.
मोरीच्या जाळीतून येतं, गुळगुळ करत,
पाहुण्याने उंबऱ्याबाहेर घसा खाकरावा तसं.
आणि जाताना ठेवून जातं बोटभर गाळ
फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, हार्मोनियममध्ये,
देवांच्या कानांत.
अजून दिवाळीला झाडझूड करताना
कुठल्यातरी बिजागरीतून निघतो.

मला दुसरा राग येतो तो ह्याचा,
की ही माणसं घर सोडत का नाहीत.
अभिराम म्हणतो, सोडलं तर मालिका संपेल, आई.
मी म्हणते, हप्ते बाकी असतील.
आम्ही तरी कुठे सोडलं?
हॉलच्या भिंतीवर माझ्या छातीएवढी रेघ आहे.
दोनदा रंग दिला.
दमट दिवशी ती वर येते, कसलंही संगीत न वाजता.

मग जाहिराती.
इलाबेन पाणी प्यायली. मी दाराची कडी पाहून आले,
सवयीने, भीतीने नव्हे.

त्या वर्षी आजव्याचे दरवाजे उघडले
आणि आम्ही अकराजणं वरच्या मजल्यावर गेलो,
शितोळेकाकांकडे,
ज्यांच्या काठीशी आमच्या टीव्हीचं रोजचं भांडण.
रेल्वे यार्डात उभा जन्म गेलेला माणूस,
खाटेवर पडल्या पडल्या विचारायचा, किती?
मी टॉर्च घेऊन जिन्यात जायची, कोरड्या पायऱ्या मोजायची.
नऊ, काका.
आठ.
सहा. त्यावर ते म्हणाले, लेट चाललीये गाडी, पण येणार.
खाली पार्किंगमध्ये एक मगर
शेजाऱ्यांच्या स्कूटरवर हनुवटी टेकून होती.
ते मी त्यांना सांगितलं नाही.

पहाटे सात होत्या.
पुन्हा मोजल्या. सातच. एक वाढली होती.
धावत वर गेले सांगायला,
तर विचारणारं कुणी नव्हतं.

दीड दिवस आम्ही त्यांच्यासोबत बसलो.
चादर इलाबेनची होती, मोरांची.
उदबत्ती सादळलेली, पेटेना.
अभिराम तेव्हा पाच वर्षांचा,
खाटेच्या पायाशी झोपला, कारण तिथेच जागा होती.
भीती वाटली नाही.
बिस्किटं वाटली, माणशी दोन,
आणि मोजताना कुणाच्यातरी हातून
बारा वाटे झाले.
बाराव्याला होडी येईपर्यंत कुणी हात लावला नाही.

मालिका सुरू झाली.
बंगल्यात अंधार, सुनेच्या हातात मेणबत्ती
(ह्या लोकांकडे टॉर्च कसा नसतो),
सगळे जिन्याकडे बघतायत
आणि बरोबर डोक्यावर, वरच्या बंद खोलीत,
ठक.
ठक.
ठक.

सून पडली. मेणबत्ती पडली. पडद्याने पेट घेतला.
आमच्याकडे
अभिरामने न बघता रिमोट उचलला
आणि आवाज कमी केला.

वर गेली सहा वर्षं कुलूप आहे.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
पडद्यावर सगळं घर तोंड वासून ओरडत होतं,
अगदी हळू.

इलाबेन म्हणाली,
हजी धीमो, बेटा.